हेगाऊचा उतार

अण्णा, तुमची नात आता सतरा वर्षांची आहे आणि तिनं तुम्हाला फक्त एका फोटोत पाहिलंय. त्यात तुम्ही ट्रॅक्टरच्या मडगार्डला टेकून उभे आहात आणि फोटोवाल्याकडे असं बघताय, जणू त्यानंच तुमची वाट अडवलीय. तिच्यामुळेच आज लिहायला बसलोय. तिनं मला एक प्रश्न विचारला होता. त्याचं उत्तर मला देता आलं नाही, अजूनही देता येत नाही. ते न सांगता कळेल असा एकच माणूस होता, आणि तो तुम्ही.

आधी गाडीचं सांगतो, कारण तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलं असतं. तीन वर्षांपूर्वी मी जुना पिकअप घेतला. पुढे माणसांची केबिन आणि मागे उघडा हौदा. इथे जर्मनीत, ब्योब्लिंगेनमध्ये, अशी गाडी कोणी घरच्या वापराला घेत नाही. पहिल्या दिवशी खाली लावली तर बायको गॅलरीतून म्हणाली, "अहो, आता काय ऊस वाहणार आहात का?" मी हसलो नाही, पण बरं वाटलं. मग तिच्यामागे जोडायला घडीचा कॅम्पर घेतला. रस्त्यावर असताना तो कमरेएवढ्या उंचीची पेटी असतो आणि जागेवर गेल्यावर झाकण उघडलं की दोन्ही बाजूंना गाद्या आणि वर कापडाचं छप्पर. छोटी चीज आहे, पण छोटं म्हणून लोक तिच्याकडे दुर्लक्ष करतात आणि तिथेच फसतात. माझ्या ऑफिसात डॉक्टरेट झालेले इंजिनियर आहेत, त्यांनाही जोडगाडी ओढायचं गणित ठाऊक नसतं. मला कोणी शिकवलं नाही. डिप्लोमा अर्धवट सुटलेला माणूस मी, कॉम्प्युटरही सायबर कॅफेत बसून शिकलो. हेही तसंच, वाचून आणि करून शिकलो. टायरमधली हवा, दिव्यांचा प्लग, गाडी सुटलीच तर कॅम्परचे ब्रेक लावणारी पोलादी दोरी, सगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कॅम्परच्या दांडीचं हुकावर किती वजन पडतंय ते. फार पडलं तर पिकअपचं पुढचं चाक हलकं होतं. कमी पडलं तर कॅम्पर शेपूट हलवायला लागतो. मागं वजन जास्त झालं की तुम्ही म्हणायचात, गाडी उलाळ झाली. एवढा नेमका शब्द जर्मनमध्येही नाही.

हे वजन मोजायचा एक काटा मिळतो, दांड्यासारखा. तो दांडीखाली उभा करायचा आणि कॅम्परच्या दांडीला टेकू देणारं छोटं चाक हळूहळू वर फिरवायचं. ते काम पोरीचं. गुडघ्यांवर बसून ती काटा वाचायची आणि ओरडायची, "पापा, नोख सू वेनिश!" अजून कमी आहे. मग मी पाण्याचा कॅन पुढे सरकवायचा, कुकर पुढे घ्यायचा. "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर, असं ती म्हणाली की झालं. मी मराठीत विचारणार आणि ती जर्मनमध्ये उत्तर देणार, हे आमचं सगळीकडचंच आहे. पण त्या काट्यापाशी आम्ही दोघं खरं तर एकच भाषा बोलत होतो. तिला मी सगळं शिकवलं. मागचं डुलायला लागलं तर काय करायचं, हेसुद्धा. स्टिअरिंग सरळ धरायचं, वळवून सावरायला जायचं नाही, पाय ॲक्सिलरेटरवरून काढायचा आणि ब्रेक दाबायचा. वेग तोडायचा. मी विचारायचो, ती पाठ म्हणून दाखवायची.

आता तुमचा उतार. कारखान्याचा सीझन सुरू आहे, मी आठवीत आहे, आणि तुम्ही मला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसवून घेतलंय. मागे उसानं शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. नदीच्या पुलाकडे रस्ता उतरतो तिथे मागची ट्रॉली हलायला लागते. आधी जरा, मग जास्त. उसाची सळसळ मला पाठीवर ऐकू येते. मी तुमच्याकडे बघतो. तुमचा चेहरा तसाच. तुम्ही थ्रॉटल ओढून वेग वाढवता, इंजिन डरकतं, साखळी ताणल्यासारखा एक हिसका बसतो आणि दोन्ही ट्रॉल्या शहाण्या होऊन सरळ मागे येतात. पुलावर आल्यावर तुम्ही म्हणता, "भ्यालास व्हय? असल्या टायमाला ढिलं सोडू नगं. मागचं वढतंय तवर ते आपलं. ढकलाया लागलं की आपण त्याचं." मला त्या दिवशी वाटलं, जगात आपल्या बापाइतकं कुणाला काही येत नाही.

दोनच वर्षांनी मी तुम्हाला सांगायला गेलो होतो. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पुस्तक तुमच्या पेटीत तळाशी पडलेलं असायचं, ते मी वाचलं होतं. त्यात उतारावर खालचा गिअर आणि कमी वेग असं स्वच्छ लिहिलं होतं. तुम्ही जेवत होता. आई चुलीपाशी भाकरी उलटत होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पुस्तकातला ट्रॅक्टर पुस्तकातल्या उतारावर चालव जा." आई म्हणाली, "आवो, पोरगं चांगलं सांगतंय." तुम्ही म्हणालात, "मला म्हायतीय." संपलं. मी ताट तसंच ठेवून उठलो. तुमचं चुकत होतं, अण्णा. बैलाच्या चालीनं जाणाऱ्या ट्रॅक्टरला ते चालून गेलं, एवढंच. त्या दिवसापासून मी ठरवलं की जे शिकायचं ते आपलं आपण, मुळापासून, आणि कुणाचं ऐकीव काही घ्यायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळींनी बोडेनझे तळ्याच्या काठी दोन दिवसांचं कॅम्पिंग ठरवलं. मी आदल्या संध्याकाळी सगळं भरून ठेवलं. पोरीनं काटा वाचला, गेनाऊ झालं. सकाळी निघायच्या वेळी दोन कुटुंबं आपापल्या गाड्या घेऊन आमच्या दारात हजर. "तुमच्याकडे ट्रक आहे ना, मग एवढं घ्याच." भाताचं मोठं पातेलं, बिडाची शेगडी, तांदळाचं पोतं, कणकेच्या पिशव्या. वर चेष्टा, "शेठ, भाडं किती?" आपल्यात चारचौघांत सामानाला नाही म्हणता येत नाही. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जागा नाही. मी म्हणालो, "द्या, द्या." हौदा सायकलींनी भरला होता, म्हणून सगळं कॅम्परच्या मागच्या कप्प्यात गेलं, चाकांच्या पार मागे. मंडळी हात झटकत उभी होती, चहाचे कप फिरत होते. पोरगी काटा हातात घेऊन आली. "पापा, पुन्हा मोजायचं ना?" हे ती मराठीत म्हणाली, सगळ्यांसमोर. मी म्हणालो, "मला माहितीये."

अण्णा, काय बोललो ते मला तेव्हा ऐकूही आलं नाही.

एक्याऐंशी नंबरचा ऑटोबान, म्हणजे इथला महामार्ग, दक्षिणेला जातो आणि शेवटी हेगाऊ नावाच्या मुलखात उतरतो. लांब, देखणा उतार आहे. समोर जुन्या ज्वालामुखींचे सुळके दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर त्यांच्यापलीकडे तळ्याची रेघ. बायको तेच दाखवत होती. मी ऐंशीवर होतो, जोडगाडीला तेवढीच मुभा आहे, आणि मी कधी त्यापुढे जात नाही. डावीकडून एक मोठी बस गेली. तिच्या वाऱ्यानं कॅम्पर किंचित हलला. आरशात तो एकदा डावीकडे दिसला, एकदा उजवीकडे. मग हौद्यापासून सीटपर्यंत ते डुलणं आलं, कुणीतरी मागून कंबर धरून हलवावं तसं. मला काय करायचं ते माहीत होतं. मी ते वाचलं होतं, शिकवलं होतं, पाठ करून घेतलं होतं. आणि माझा पाय खाली गेला, ॲक्सिलरेटरवर, पूर्ण. इंजिन डरकलं. त्या आवाजानं, खरं सांगतो, क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. आता येईल सरळ.

नाही आलं. कॅम्पर आडवा झाला, उलटला, आणि त्यानं आम्हाला फिरवलं. बायकोच्या बाजूनं गाडी कठड्यावर आपटली. सगळं थांबल्यावर मी मागे बघितलं. पोरगी सरळ बसलेली, दोन्ही हात मांडीवर, काही लागलेलं नाही. बायको आपल्या उजव्या मनगटाकडे बघत होती, ते जिथे वळायला नको तिथे वळलं होतं. कॅम्पर फुटून पडला होता आणि दोन लेनभर तांदूळ पसरला होता, पांढराशुभ्र. पोलीस आला, वाकून त्यानं चिमूटभर उचलला आणि "राइस?" असं विचारलं. मी हो म्हणालो. माणूस एवढं शिकतो, आणि शेवटी त्याला रस्त्याकडेला उभं राहून तांदळाचा खुलासा करावा लागतो. मागच्या गर्दीत आमचीच मंडळी अडकून पडली होती. ती नंतर धावत आली. 

इस्पितळात बायकोला आत नेल्यावर आम्ही दोघं बाहेर खुर्च्यांवर बसलो. पोरगी जमिनीकडे बघत होती. मग म्हणाली, "इश हाब दिश गेफ्राग्ट." मी तुला विचारलं होतं. मी मान हलवली. ते सहन झालं असतं. वजनाची चूक वजनाची असते, ती काट्यावर दाखवता येते. पण तिनं वर बघितलं आणि म्हणाली, "पापा, तू ॲक्सिलरेटर दाबलास. मी ऐकलं. वारुम?" का? तिच्या आवाजात राग असता तर मला धरायला काही मिळालं असतं. ती खरंच समजून घ्यायला विचारत होती, काट्याचा आकडा विचारावा तशी. मी तिला काय सांगणार होतो? की माझ्या पायात एक माणूस बसलाय? की ज्याचं चुकतंय हे मला सोळाव्या वर्षी कळलं, ज्याच्याशी त्यावरून मी नीट बोललोही नाही आणि जो वारला तेव्हा तू जन्मली नव्हतीस, त्यानं एका उतारावर तुझ्या आईचा हात मोडला? मी म्हणालो, "घाबरलो असेन." ती म्हणाली, "तू घाबरला नव्हतास. मी तुझा चेहरा आरशात बघितला." आणि ती पाणी आणायला उठून गेली.

बायकोचा हात जुळला, पण मूठ पूर्ण मिटत नाही. लाटणं धरता येत नाही. ती दुकानातून तयार रोट्यांचं पाकीट आणते, तव्यावर गरम करते आणि ताटात वाढताना म्हणते, "घ्या, जर्मनीची भाकरी." मला एका शब्दानं बोलली नाही. एकदाच म्हणाली, "अहो, चूक झाली हे मला कळतं. पण पोरीशी नीट बोला. ती वाट बघतेय." मी हो म्हणालो. त्याला आता वर्ष होत आलं. पोरगी माझ्याशी सभ्यपणे वागते. जेवण झालं का विचारते, दार लावू का विचारते. यापेक्षा भांडलेली बरी, अण्णा. तुमच्याशी निदान ताट ठेवून उठता तरी यायचं.

इथे सतराव्या वर्षी लायसन्स मिळतं, पण अठरा पूर्ण होईपर्यंत शेजारच्या सीटवर एक मोठं माणूस बसावं लागतं. ते कोण, हे आधीच कळवायचं असतं, एकाहून जास्त नावंही चालतात. ती लहान होती तेव्हापासून आमचं ठरलेलं होतं की शेजारी मी बसणार. ऑटोबान मी शिकवणार, जोडगाडी लावून मागे घेणं मी शिकवणार. मागच्या महिन्यात ती पास झाली. स्वयंपाकघरात उभं राहून तिनं सांगितलं, "पापा, मी ममाचं नाव दिलंय. आणि खालच्या आजींचं." खालच्या मजल्यावर राहणाऱ्या बाई सत्तरीच्या आहेत आणि चाळीसच्या वर गाडी नेत नाहीत. मी विचारलं, "त्यांना विचारलंस का?" ती म्हणाली, "हो, त्यांना विचारलं." मी म्हणालो, "छान. सावकाश चालव." आणि भांडी पुसायला घेतली. भांडी कोरडीच होती.

परवा मायलेकी निघाल्या तेव्हा मी खिडकीत होतो. ती आरसे लावते, मागे बघते, पुन्हा बघते, मग हळूच गाडी काढते. एकही गोष्ट सोडत नाही. चांगली चालवते. ते तिला मी शिकवलंय असं म्हणावंसं वाटलं, पण कुणाला म्हणणार, आणि कुठल्या तोंडानं. गाडी वळल्यावर मला वाटलं, तिच्या जागी मी असतो तर मीही माझं नाव दिलं नसतं. आणि तरी तुम्ही आत्ता आलात, त्याच दोन ट्रॉल्या लावून, त्याच उताराला, तर मी मडगार्डवर चढून बसेन. आता सगळं माहीत असूनही. याचं मला काही करता येत नाही.

हे पाठवायला पत्ता नाही, ते ठीक आहे. मधेच असं वाटलं की हे तिलाच द्यावं. तिच्या प्रश्नाचं सगळं उत्तर यात आहे. पण तिला मराठी ऐकून कळते, वाचता येत नाही, आणि जर्मनमध्ये मला हे असं लिहिता येणार नाही.

खोटं बोललो. लिहिता येईल, अण्णा. चांगलं येईल.