पुण्याला गेलेला अ‍ॅडॅप्टर

फ्रीमाँट, शनिवार, १२ मार्च २००५

अख्खा शनिवार एका बोटभर अ‍ॅडॅप्टरने खाल्ला. बाबा पुढच्या आठवड्यात येतायत. त्यांना इंटरनेटवर मराठी पेपर वाचायला जुना मॉनिटर लावून ठेवावा म्हटलं, तर त्याची निळी पिन नव्या ग्राफिक्स कार्डात जातच नाही. सकाळी अ‍ॅडॅप्टर आणला, तो उलट्या बाजूचा. बदलून आणला, तो टीव्हीचा! डब्यावर नीट लिहायला काय होतं यांना?

संध्याकाळी मीनल शांतपणे म्हणाली, "कार्डाच्या बॉक्समध्ये एक पांढरा होता ना?"

होता. जानेवारीत जोशीकाका पुण्याला निघाले, बॅगेत जागा होती, म्हणून बदामांबरोबर तोही भावाला पाठवून दिला. मीच! कोणी भारतात निघालं की माझा हात थांबतच नाही.

चिडून नितीनला फोन केला. म्हटलं, तो पांढरा अ‍ॅडॅप्टर बाबांच्या बॅगेत टाक.

"दादा, तो बाबांनी कधीच भरलाय. म्हणाले, नवाकोरा दिसतोय, तिकडे त्याला लागेल."

तो कशाचा आहे, हेसुद्धा त्यांना माहीत नाही.