तालमीची शेपटी

चि. खटखटीस,

आजीचा आशीर्वाद. तुझी तब्येत बरी असेल असं धरून चालते, कारण विचारून उत्तर मिळत नाही. माझी विचारशील तर गुडघे कुरकुरतात, दात गेले, जीभ मात्र शाबूत आहे. (तुझी आई म्हणते, उलटं झालं असतं तर घराला बरं पडलं असतं. म्हणू दे.)

पत्राला कारण तुझा तो कॉम्प्युटर. जाताना तू त्यात स्क्रिप्ट का काय ते करून ठेवलंस: मी माइकसमोर बोलायचं, एक ओळ चालवायची, की बोललेलं आपोआप तुझ्याकडे. त्या ओळीच्या शेवटी दोन आडव्या रेघा आणि एक शब्द जोडला की यंत्राचा स्वभावच बदलतो. तू त्याला स्विच म्हणतेस, मी शेपटी म्हणते. शिकवताना तू तालमीची शेपटी लावलीस, म्हणजे मी काहीबाही बोलले तरी बाहेर जायचं नाही. तर ते यंत्र दरवेळी ढीगभर ओळी बडबडायला लागलं. मी म्हटलं, या घरात बडबडायला मी पुरेशी आहे, याला गप्प कर. तू गप्प बसायची शेपटीही लावलीस. तेवढ्यात तुझी गाडी आली. वरच्या बाणाचं बटण दाबलं की मागचीच ओळ परत येते, मग एंटर, एवढं सांगून पळालीस. (मी तुझ्यासोबत का येत नाही यावरचं आपलं भांडणसुद्धा अर्धंच राहिलं.)

तेव्हापासून रोज संध्याकाळी चष्मा पुसून बसते. बोलते, बाण, एंटर. तुझं उत्तर नाही. म्हटलं, मोठ्या नोकरीला लागली, आता म्हातारी कशाला आठवेल. तरी बोलत राहिले. तोंडाला सवय, दुसरं काय. दोरीवर तुझा टॉवेल अजून तसाच आहे तेही सांगितलं. (काढायचा कंटाळा. भलता अर्थ काढू नकोस.)

परवा तुझी आई फोन ठेवून म्हणाली, "ती विचारतेय, आजीचा राग गेला का? नसेल गेला तर सुट्टीत येत नाही म्हणते." म्हणजे रोज घसा मी सुकवायचा आणि रुसलेली ठरायचीही मीच. कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने ती ओळ पाहिली आणि खुर्ची धरून हसला. "आजी, तुमची रोज तालीमच चाललीये. प्रयोग अजून झालाच नाही." यंत्र एरवी तसं सांगतं म्हणे, पण त्याचं तोंड बांधल्यावर ते बिचारं सांगणार कसं? ते बांधायला कोणी सांगितलं, हे तुझ्या आईने त्याच्यासमोर विचारायची काही गरज नव्हती.

बोललेलं सगळं आत पडून आहे. एकदम पाठवू का, म्हणाला. मी त्याचा हात धरला. त्यात तुला दिलेल्या शिव्या आहेत, त्या चालतील. पण अधूनमधून मी शिव्या द्यायला विसरले आहे, ते तू तिकडे एकटीने ऐकायचं नाही.

तर राग वगैरे काही नाही. तुझ्यावाचून काही अडलेलंही नाही. सुट्टी तुझी, तूच ठरव.

तुझी
आजी

ता. क. शेपट्या तशाच आहेत. दुरुस्तीवाल्याला काढू दिल्या नाहीत. जिने लावल्या तिने येऊन काढाव्यात.

आणखी एक ता. क. त्या कशा काढायच्या ते मी बघून ठेवलंय. पुसायचं बटण दाबत राहायचं, एवढंच. तरी ये.