अकरा दिवसांची तारा

वैशाख ३
नाही म्हणाले! चाळीस वर्षांपूर्वी चोरीला गेलेली आमच्या तारादेवीची मूर्ती परदेशातून इथे नेपाळात, पाटणला परत आली, आणि संग्रहालयाचे साहेब म्हणतात, "काचेतच राहील. तुम्ही शेंदूर फासणार, सोन्याचा मुलामा झिजणार." सहाशे वर्षं फासलाच की! विहार आमचा, देवी आमची. मी हटणार नाही.

वैशाख ९
चौकात बैठक. विहारातले सगळ्यात वडील चिनिकाजी काका — त्यांचं तोंड कोण धरणार! "अगं सुवर्णकेशरी, गाभाऱ्यात तुझ्या बानं केलेली नक्कल आहेच ना. अकरा दिवसांत उरकलेली! नाक बघ तिचं, चाटलेल्या गुळासारखं." सगळे हसले. मी मान खाली घातली. त्याचीच आता लाज वाटते.

चोरीनंतर गाभारा रिकामा राहू नये म्हणून बा दार लावून राबले होते. एरवी एका मूर्तीला, मेणाच्या नमुन्यापासून सोन्याच्या मुलाम्यापर्यंत, तीन महिने घेणारा मूर्तिकार! मरेपर्यंत एकच धोशा — "आपली तारा कुठे गेलेली नाही." लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचा ताठा.

वैशाख १२
पूजेचे पोहे, आलं, शेंदूर घेऊन काचेसमोर बसले. शिपाई म्हणाला, "ताई, उठा." म्हटलं, "उचल!" नाही उचललं.

वैशाख १३, १४, १५
बसले.

वैशाख २०
जिंकले! साहेब वैतागून म्हणाले, "उद्या काच काढतो. ओळख पटवा, सही करा, न्या." काकांनी वाजंत्री सांगितली. बांची नक्कल माळ्यावर टाकायची ठरलं. मीही हो म्हटलं.

वैशाख २१
काच निघाली. मी मूर्तीच्या मागे गेले, कमळाच्या पाकळ्यांवरून बोट फिरवलं. मग सही न करता कागद परत दिला. "ठेवा तुमच्याकडेच. जपा हो, फार मोठ्या कारागिराचं काम आहे."

बाहेर काका वाजंत्र्यांदेखत ओरडले, "डोकं फिरलंय का तुझं?" म्हटलं, "गाभाऱ्यातली हलणार नाही. हलवायची तर आधी मला हलवा!"

वैशाख २२
काचेतल्या मूर्तीच्या मागच्या पाकळीवर नखाची खूण आहे. माझ्या. चोरीच्या आदल्या वर्षी, सात वर्षांची असताना, बांच्या मेणात मी नख खुपसलं होतं. केसाएवढ्या चुकीला अख्खं मेण वितळवणारे बा हसले होते — "राहू दे." म्हणजे चोरांनी नेली ती बांनी आधीच गाभाऱ्यात बसवलेली नक्कल. अकरा दिवसांत त्यांनी काही घडवलंच नव्हतं, लपवलेली तारा परत बसवली होती. आज तिच्या झिजलेल्या नाकाला शेंदूर लावला. बांनी चोरांपासून लपवली, मी साहेबांपासून लपवीन.