उलट्या तारा

बाबा,

व्हायोलिन कुणालाही देऊन टाकू नका! "माझ्या हातात सूरच नाही" हे तुमचं कालचं रडगाणंही बंद. सकाळी दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तर तो मटकन खालीच बसला. दोन वर्षं तारा उलट्या लागल्यात, जाड तारेच्या जागी बारीक! बसवल्या होत्या मीच, आणि वर तुम्हालाच "हात आहे की फावडं" म्हणत होते.

तो विचारतो, "असल्या वाद्यावर तीन जुन्या धुना बसवणारा माणूस आहे तरी कोण?" तारा सरळ केल्या तर तुम्हाला परत पहिल्यापासून शिकावं लागेल, म्हणून मी त्याला हात लावू दिला नाही. तुम्हीच ठरवा.

सहा वाजता तो तुम्हाला ऐकायला येतोय. दाढी करून ठेवा.

तुमची गुणाची लेक