मौन सुटलं तो दिवस

मॅडम, मला तुम्हाला एका पेशंटबद्दल सांगायचंय. नाव सांगत नाही, नाहीतर आधी त्यावरूनच तुम्ही मला झापलं असतंत. बाई साठीच्या आसपासच्या, कसब्यातल्या, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान असलेल्या घरातल्या. गेल्या चातुर्मासातली गोष्ट. तेव्हापासून ती कुणाला तरी धरून बसवून सांगावी असं वाटतंय, पण घरी सांगितली तर 'हं, छान' म्हणून टीव्हीकडे बघतात, आणि डॉक्टरांच्या ग्रुपवर टाकली तर चार अंगठे आणि एक गुच्छ येतो. त्यात नेमकं काय जमलं, हे कळणारं माणूस एकच होतं, आणि ते म्हणजे तुम्ही.

तुमच्या मानसोपचाराच्या युनिटला लागले तेव्हाचा पहिला राउंड आठवतो. सरकारी वॉर्ड, फिनेलचा वास, आणि मी एका तरुणाची केस सांगतेय. भास, भ्रम, झोप, घराण्यात कुणाला काय होतं, सगळं एका दमात, कुठे अडखळणं नाही. तुम्ही डोळे मिटून ऐकताय. मला वाटलं, आता शाबासकी. तुम्ही डोळे उघडलेत आणि म्हणालात, "वा! पुस्तक उत्तम पाठ आहे हो, डॉक्टर. आता माणूस सांगा." मागे उभे असलेले सगळे खुसखुसले. मग तुम्ही स्टूल ओढून त्याच्या आईसमोर बसलात आणि विचारलंत, "बरा होता तेव्हा हा कशावरून भांडायचा हो तुमच्याशी?" ती माउली इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. म्हणाली, "कोथिंबीर. भाजीत एक पान दिसलं तरी ताट सरकवायचा." आणि आता? "आता काय, वाढू ते गिळतो." तुम्ही माझ्याकडे न बघताच म्हणालात, "हे आधी लिही, मग तुझं पुस्तक." मला तुमचा असा संताप आला होता! संध्याकाळी मेसमध्ये मी तुमची नक्कल करून दाखवली. सगळे पोट धरून हसले, पण पुढच्या राउंडला प्रत्येकाने नातेवाइकांना तोच प्रश्न विचारला होता.

मग शनिवारी तुमच्या स्वयंपाकघरातले ते वर्ग. तुम्ही ओट्याशी उभ्या राहून थालीपीठं थापायचात, आम्ही फरशीवर बसून खायचो, आणि तव्यावरून नजर न हलवता तुम्ही प्रश्न टाकायचात. उत्तर चुकलं की पुढचं थालीपीठ दुसऱ्याच्या ताटात! एकदा उत्तर चुकल्यावर मी कुरकुरले, की हृदयवाल्यांची बरी मजा आहे, छातीला तारा लावल्या की कागद बाहेर येतो, आपल्याकडे काहीच नाही. तुम्ही उलथनं माझ्याकडे रोखलंत. "आपल्याकडे माणूस आधी कसा होता एवढीच फूटपट्टी आहे. आणि ती आपल्या टेबलावर नसते, त्याच्या घरच्यांकडे असते. मागून आणायची. मागताना लाजायचं नाही." मग लोण्याचा गोळा माझ्या ताटात टाकलात. उत्तर चुकलं असूनसुद्धा. तेवढ्यावर मी आठवडाभर खूष होते.

मॅडम, आता सगळं सोपं झालंय असं समजू नका. हल्ली पेशंट निदान घेऊनच येतात. खराडीतला मुलगा खुर्चीत बसायच्या आधी फोन पुढे करतो, "डॉक्टर, मी रील पाहिलं, माझे सगळे सिम्प्टम्स मॅच होतात." दुसरीकडे मांजरी गावाहून एखादं कुटुंब देव, गंडे, पोटाचा डॉक्टर, डोक्याचा फोटो असं सगळं पालथं घालून शेवटी माझ्याकडे येतं, तेही शेजाऱ्यांना कळू न देता. वेळ कमी आणि बाहेर रांग. औषध लागू पडलं की महिन्याभरात लोक ते बंद करतात आणि मग म्हणतात, औषधाचा उपयोग झाला नाही. याची सवय झालीय. पण खरी फसगत होते ती आजार चांगल्या गुणाच्या रूपात आला की. अहो, वेडंवाकडं वागणारा माणूस कुणीही ओळखतो. ज्याच्या लोक पाया पडतात, त्याला आजारी कसं म्हणायचं?

या बाईंनी चातुर्मासाचा नेम धरला, जेवताना न बोलण्याचा. चांगलंच आहे, घरोघरी धरतात. मग मौन जेवणापुरतं न राहता संध्याकाळभर झालं, मग दिवसभर. जेवण एकवेळचं, मग नुसतं दूध. तासन्‌तास देवासमोर एका जागी बसून. गल्लीत बोलबाला झाला की आजींचं तप चाललंय. बायका येऊन पाया पडायला लागल्या, कुणी तर हार घेऊन आलं. नवऱ्याची छाती फुगली. भला माणूस तो, आयुष्यभर बायकोच्या तोंडाला सगळा बाजार घाबरायचा, आणि आता तीच बायको साध्वी झाली म्हटल्यावर त्याला धन्यच वाटणार. मुलगा आयटीतला, त्याला शंका आली, पण त्याने ती मोबाईलला विचारली. मोबाईल म्हणाला, विसरण्याचा आजार. घरच्या डॉक्टरांनी शक्तीची इंजेक्शनं दिली. गौरी-गणपती झाले आणि बाईंनी दूधही सोडलं. पाणी तोंडात घातलं तर ते ओघळायला लागलं, तेव्हा सून हट्टाला पेटली आणि त्यांना रिक्षात घालून माझ्याकडे घेऊन आली. घर चालत पाच मिनिटांवर, पण त्या चालतच नव्हत्या.

समोर बसवलं. डोळे उघडे, पापणी हलत नाही, ओठ सुकून पांढरे. मी त्यांचा हात उचलून हवेत धरला आणि सोडला. हात तसाच अधांतरी राहिला. नवरा हळूच म्हणाला, "एकाग्रता बघा." मॅडम, मला शंका आलीच होती, पण हात तसा राहणं मी ध्यानाला बसणाऱ्यांतही पाहिलंय, आणि नवरा हात जोडून बसला होता. मग तुमचाच प्रश्न विचारला. "बऱ्या असताना या कशावरून चिडायच्या हो?" सून फाडकन म्हणाली, "कशावरून नाही ते विचारा! अहो, दूध उतू गेलं तर माझ्या माहेरचा उद्धार व्हायचा. परवा यांच्या डोळ्यांदेखत अख्खं पातेलं उतू गेलं, ओट्यावरून खाली आलं. बघत बसल्या. मौन असलं म्हणून काय झालं, आमच्या आईंनी डोळे तरी वटारले असते ना? नुसत्या डोळ्यांनी मला घाम फुटतो. त्यांच्या डोळ्यांत कुणी नव्हतंच, डॉक्टर." आणि ती पोर रडायला लागली. जिच्या बोलण्याने ती वर्षानुवर्षं रडली असेल, ते बोलणं परत मिळावं म्हणून रडत होती.

मी सांगितलं, हे मौन नाही, हा आजार आहे. मन इतकं खाली जातं की शरीर जागीच थिजतं. आजच्या आज ॲडमिट करायला हवं, उद्यापर्यंत थांबलो तर किडन्या जातील. नवरा ताडकन उठला. "माझ्या बायकोचं तप तुम्ही वेडात काढता?" दारातले पेशंट आत डोकावायला लागले. नेम मोडला तर तिचं पुण्य जाईल, आणि त्याचं पाप आपल्या डोक्यावर येईल, ही त्याची भीती. मला त्याचा राग आला नाही, खरं सांगते. मी म्हटलं, "काका, नेम त्यांनी स्वतः धरलाय ना? मग त्या तो सोडूही शकतात. तुम्ही त्यांना एवढंच म्हणा, घोटभर पाणी पी, माझ्यासाठी. त्यांनी मानेने नाही म्हटलं, हात झटकला, तर मी तुमच्या पाया पडेन आणि तुम्ही त्यांना घरी न्या. पण त्यांना नाही म्हणतासुद्धा येत नसेल, तर तो नेम त्यांचा उरलेला नाही." तो तिच्यासमोर गुडघ्यावर बसला. "अगं, पाणी पितेस का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग त्याने तिचा तो अधांतरी हात दोन्ही हातांत धरून खाली आणला, मांडीवर ठेवला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "न्या."

ओळखीच्या फिजिशियनच्या हॉस्पिटलात सलाईन लावलं. ताप, साखर, क्षार, मेंदूचा फोटो, दुसरं काही दडलेलं नाही ना ते सगळं पाहून घेतलं. तुमची शिस्त, मनाचं म्हणण्याआधी शरीर धुंडाळायचं. मग ते शांत करणारं साधं इंजेक्शन, हळूहळू शिरेतून. या आजारात कधी कधी त्याने गाठ सुटते, कधी नाही, आणि मग विजेचे उपचार करावे लागतात. मी भिंतीला टेकून उभी. चहा गार होईपर्यंतचा वेळ गेला असेल. बाईंनी पापणी मिटली. मान वळवली. नवऱ्याकडे पाहिलं, मुलाकडे, सुनेकडे. आणि फाटलेल्या आवाजात म्हणाल्या, "सगळे इथे. मग दुकानात कोण बसलंय?"

मॅडम, तो माणूस हसत होता की रडत होता, देव जाणे. सून ओरडली, "आई, बंद केलंय!" तर त्या म्हणाल्या, "सणासुदीचं?" नर्स तोंडावर हात ठेवून बाहेर गेली.

तेवढ्याने सगळं झालं नाही. पुन्हा पुन्हा इंजेक्शनं द्यावी लागली, मग उदासपणाची औषधं, आणि 'आता थोडं कमी करूया का' म्हणणाऱ्या नवऱ्याशी दर खेपेला वाद. सावरल्यावर बाई माझ्याशी एकट्या बोलल्या. "सुरुवातीला मीच धरलं हो मौन. कशातच राम वाटेना, बोलायचाही कंटाळा, म्हटलं नेमच धरू, कुणी विचारणार नाही. मग एक दिवस बोलायला गेले तर बोलताच येईना. लोक पाया पडत होते आणि आतून मी ओरडत होते, मेल्यांनो, हलवा कुणीतरी मला." हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आणि त्याच वेळी, लाज कशाला बाळगू, ऊर भरून आला. इतकी वर्षं हेच तर केलंय मी. तुमच्याकडून घेतलं, राबवलं, आणि वेळेला ते कामी आलं. मी चांगली डॉक्टर आहे, मॅडम. हे तुमच्यासमोर म्हणायची माझी कधी छाती झाली नसती.

परवा त्या तपासणीला आल्या, चालत. वेटिंगमधल्या मुलीला चप्पल नीट काढायला शिकवून मग आत आल्या. बसल्या बसल्या म्हणाल्या, "डॉक्टर, तुमचं अक्षर वाचून केमिस्ट तिसऱ्यांदा हसला." नवरा मागे उभा होता. त्याचा चेहरा असा फुलला होता, साध्वीच्या दिवसांत फुलला असेल त्याहून जास्त. औषधं समजावून झाली तशा त्या उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "हे असं घरच्यांना खोदून विचारायचं, कुणी शिकवलं हो तुम्हाला?" मी तुमचं नाव सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्यांना माझा नमस्कार सांगा. म्हणावं, पोरगी चांगली तयार केलीत."

मी म्हटलं, "सांगते." तुम्ही आता नाही आहात, हे त्यांना सांगायला माझी जीभच रेटली नाही.