सत्तेचाळीस नंबरची पेटी

मस्कत,
११ फेब्रुवारी १९९९

ती. आक्कास,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

सुखरूप पोचले, चार दिवस झाले. आपल्या गुळाला या वाळवंटी देशात किती वाव आहे ते बघायचं आणि गूळ उत्पादक संघाला अहवाल द्यायचा, एवढंच माझं काम. बरोबर संघाचे अध्यक्ष आहेत आणि त्यांचे मेहुणे. मेहुणे कशाला, हे मी निघताना विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता रोज वाटतं.

दोघं अजून एकदाही बाजारात आलेले नाहीत. सकाळी ताटात डोंगर वाढून घेतात, निम्मं टाकतात आणि दुपारभर सोन्याची दुकानं हिंडतात. मेहुण्यांनी घरून शेंगदाण्याची चटणी आणलीय. ती खाऊन झाली की बोटं हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला पुसतात. काल अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही उगाच पाय झिजवताय, अहवाल कोल्हापुरात टाईप करून ठेवलाय, तुम्ही खाली सही तेवढी करायची.

घाऊक बाजारात मी एकटीच जाते. आपल्याकडून आलेली भेंडी गोणीतच सडून बुळबुळीत झालेली बघितली. हमाल ती पायानं ढकलत होते. गुळाला मात्र मागणी आहे. केरळचे, गुजरातचे लोक नेहमी नेतात आणि आता इथलेही विचारू लागलेत, असं दुकानदार सांगतात. परवा एका कच्छी शेठच्या गोदामात जायचंय. दिवाळीत नमुन्याला पाठवलेल्या आपल्या पेट्या तिथं आहेत, त्यात तुमच्या गुऱ्हाळाचा सत्तेचाळीस नंबर टाकलेलीही असेल. दाजींना म्हणावं, तुमचा गूळ माझ्याआधी समुद्र ओलांडून आला, आता तरी मेहुणीला मान द्या.

प्रकृतीला जपा. माझी आठवण असू दे.

तुझी,
संघप्रिया

मस्कत,
१३ फेब्रुवारी १९९९

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

परवाच्या पत्राचं उत्तर यायच्या आत हे लिहिते आहे. तीनदा फाडलं, हे चौथं.

गोदामात आपल्या सात पेट्या उघडल्या. पाठवताना हळदीसारखे पिवळे असलेले गुळाचे रवे ठिकठिकाणी काळवंडलेत, जुन्या भाकरीवर बुरशी धरावी तसे. झाकण काढलं की फटाका उडवल्यावर येतो तसा वास आणि त्याच्या मागून कुजक्या अंड्याचा. सातांपैकी पाच अशा. पाचवीवर नंबर होता सत्तेचाळीस. मी तो दोनदा पुसून वाचला.

शेठ म्हातारे आहेत. ते ओरडले नाहीत. हिंदीत एवढंच विचारलं, की बेटी, तुम्ही घरी हाच खाता का? मी ताठ मानेनं हो म्हटलं. माझ्या बहिणीच्याच गुऱ्हाळातला गूळ मी वर्षभर खाते, असंही सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि हात धुवायला गेले.

आक्का, मी कुणाला नावं ठेवू? रस निवळायला रानभेंडीची साल कुटून कुटून तुझे हात सोलवटले होते, म्हणून अकरा वर्षांपूर्वी रस उजळणारी ती गंधकाची पांढरी पावडर मीच आणली. तेव्हा मी गावोगाव शेतकऱ्यांना शिकवत फिरायची. उकळत्या रसाच्या काहिलीला चिमूटभर, हे तुला माझ्याच बोटांनी दाखवलं. पण चिमूटभरानं असा वास येत नाही. खरं काय ते लिही. अहवालात खराब पेट्यांचे नंबर द्यायचेत. पाच लिहू की चार, हा विचार माझ्या मनात आला, हेही तुझ्यापासून लपवत नाही.

मी सतराला परत निघते, उत्तर कोल्हापूरच्या पत्त्यावर पाठव. रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
संघप्रिया

शिरोळ,
२७ फेब्रुवारी १९९९

चि. संघप्रिया हिस,
आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी दोन्ही पत्रं एकदमच आली. दाजी वाचून दाखवाय लागलं, मी म्हटलं द्या हिकडं, चौथीपतोर मीबी शिकलीया.

तुझ्या चिमटीचं मला हसूच आलं बघ. अगं, सौद्यात व्यापारी गूळ चाखतोय व्हय? लांबनं रंग बघतो आणि बोली लावतो. आपला तांबूस रवा त्यांनी दोन हंगाम मागं सारला. तवा तुझं दाजी घरी येऊन भिताडाकडं तोंड करून बसायचं. मग चिमटीची मूठ झाली आणि मुठीची ओंजळ. रस शिजवणारा गुळव्या काहिलीत ओततो आणि आमी बघतो. तू एवढी शिकलीस, हळदीवानी पिवळा गूळ कुठनं येतो ह्ये तुला कधी इचारावं वाटलं न्हाय?

आणि आता मनाची तयारी करून वाच. त्या म्हाताऱ्याला तू खोटं सांगितलंस. आमी तो गूळ घरात खातच न्हाय. हंगामाच्या सुरवातीला एक काहील बिनपावडरीची काढतो, भेंडीची साल घालून. ती घरची. तुला दर साली डबा येतो तो त्यातलाच. तू आपली म्हणायचीस, आक्का, तुझा गूळ दिसायला काळपट असतो पण गोड असतो. मी गप बसायची.

नंबर लिहिलास तर आमचं नाव संघाच्या यादीतनं जाईल. औंदा दुसऱ्या कुणाला माल दिला न्हाय, चाळीस पेट्या संघाच्या कोल्हापूरच्या गोदामात भरून ठेवल्यात. आतापतोरचा सगळा हंगाम त्यात हाय. दाजी म्हणत्यात, तिला लिव्ह, घरच्या माणसाचं नाव तेवढं गाळ. मी तसं म्हणत न्हाय आणि नको गाळू असंबी म्हणत न्हाय. तुझं तू ठरीव.

हिकडं समदी बरी हायत. जीवाला लावून घेऊ नको.

तुझी,
आक्का

कोल्हापूर,
८ मार्च १९९९

ती. आक्कास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

शिरोळला तासाला एस.टी. आहे, तरी मी पत्र लिहिते आहे. घरी आले तर तू चहा करशील आणि यात कोणता गूळ घातलास, असं माझ्या तोंडून निघून जाईल.

तुझं पत्र वाचून उठले आणि फडताळातला डबा उघडला. काळपट, स्वच्छ वासाचा गूळ. अकरा वर्षं मी तो खाल्ला आणि माझ्या जिभेला एकदाही शंका आली नाही, की बाजारात जातो त्याचा रंग वेगळा का. शेठनी हात धुतले ते कशामुळे, हे आता कळतंय. मला माझेच हात धुवावेसे वाटले.

अहवाल लिहिला. पाचही नंबर दिले, पहिला सत्तेचाळीस. पावडर तुमच्या गुऱ्हाळात मी आणली, हे लिहिलं. घरची काहील वेगळी असते, तेही लिहिलं. तिकडं वाव आहे, पण आपण घरी खातो त्या गुळाला, असा शेवट केला.

अध्यक्षांनी दोन पानं वाचली, त्याच कागदावर पानाची पिचकारी उडाली ती बोटानं फासली आणि म्हणाले, बाई, घरातलं घरात ठेवायचं असतं. आमच्यातबी वेगळाच गूळ असतो, म्हणून काय गावभर दवंडी पिटायची? टाईप केलेला अहवाल मेहुण्यांच्या सहीनं वर गेला. माझा कपाटात पडला. बारा तारखेला गोदामातल्या पेट्यांचा कंटेनर मस्कतला निघतोय. मी शेठना पत्र टाकलंय की त्या दिवशी मी चुकीचं सांगितलं. ते पोचेपर्यंत माल बोटीवर चढलेला असेल.

म्हणजे तुमचा नंबर यादीतून गेला नाही, चाळीस पेट्या सुरक्षित आहेत. हे लिहिताना मला सुटल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीच किळस आली. मी आणखी काय करायला हवं होतं, तुला सुचलं तर सांग.

दाजींना जयभीम. मला परकी करू नका.

तुझी,
संघप्रिया

शिरोळ,
१५ मार्च १९९९

चि. संघप्रिया हिस,
आशीर्वाद. वि. वि.

काय करायचं म्हणून इचारलंस. तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिशी दाजींना ट्रॅक्टर काढाय लावला आणि गोदामावर गेलतो. तिथला कारकून म्हणाला, पावणं, एकदा भरलेला माल परत मिळत न्हाय. मी म्हटलं, पावणं कुणाला म्हणतोस, चार सालं हितंच माल घालतोय की. आणि सत्तेचाळीसच्या थप्पीवर जाऊन बसले. हमाल हसाय लागलं. कंटेनर भरायचा खोळंबला तवा अध्यक्षांनी आतनं निरोप धाडला, ती बया आणि तिच्या पेट्या पयल्यांदा भाईर काढा. यादीतनं नाव त्यांनी माझ्यादेखत खोडलं.

दाजी दोन दिवस रुसलं. काल आपणहून भेंडीची साल सोलत बसलं. औंदाचा राहिलेला ऊस असाच गाळणार. कोण घेईल ते घेईल.

पेट्या वसरीवर लावल्यात. फेकाय हात होईना, म्हणून गल्लीत इचारलं. शालूबाईला म्हटलं, पेटीभर ने, फुकट हाय. ती म्हणाली, नगं गं, आमचा घरचा हाय की. बनाबाई तेच म्हणाली. चिमणाबाईनं तर माझ्या हातातली पेटी बघूनच दार पुढं केलं. आणि तिघींच्याबी पेट्या त्या कंटेनरातनं गेल्यात.

चहा प्यायला ये. कोणता गूळ हाय ते बिनधास्त इचार, मी सांगीन.

तुझी,
आक्का