बारा मुलांनी फिरवलेली पाठ

तीर्थरूप दादास,

धाकटीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे वाकणं मनातल्या मनात उरकलं, गोड मानून घे). तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्र निदान मध्येच कट करता येत नाही. खुशाली वहिनीकडून कळते, पण ती तुझी की तिला तुझ्याबद्दल वाटणारी, हे नीट कळत नाही.

इकडे माझी नोकरी जाता जाता राहिली आहे. अजून पूर्ण राहिलेली नाही, ते पुढे येईलच. मी नेमकं काय करते हे सव्वीस वर्षांत तुला कधी पटलं नाही, म्हणून मुळापासून सांगते. मुलांच्या टीव्हीत मी लागले ती टेबलाखाली. वर बाहुलीचा ससा बोलायचा आणि खाली बसून त्याचा डावा कान मी हलवायचे. (उजवा कान आमच्या निर्मात्या बाई स्वतः हलवायच्या. तो अनुभवी माणसाचा कान होता.) समोर बसलेल्या मुलांचे मला फक्त पाय दिसायचे. पाय चुळबुळायला लागले की मुलं कंटाळली, एवढं शास्त्र मी तिथे शिकले आणि त्याच भांडवलावर निर्माती झाले, मग विभागाची प्रमुख. प्रत्येक बढतीला मी एक मजला वर आणि मुलं होती तिथेच. आता सहाव्या मजल्यावर बसते, आणि मूल दिसतं ते आलेखावर. खाली खाली जाणारी लाल रेघ.

ती रेघ बघून आमचे नवे साहेब (वय एकतीस, मला मॅडम म्हणतात आणि माझं काहीही ऐकत नाहीत) म्हणाले की ससा बंद करू, त्याऐवजी विकत घेतलेलं कार्टून लावू. त्यात दर सेकंदाला काहीतरी फुटतं. ससा गेला की आमच्या विभागातली अकरा माणसंही गेली, हे त्यांनी सांगितलं नाही, पण अकराही जणांना कळलं. मी हट्टाला पेटले. म्हटलं, आधी मुलांना विचारा. शेवटी ठरलं की बारा मुलं बोलवायची, दोन्ही दाखवायचं, आणि ती ज्यात रमतील ते ठेवायचं.

त्या दिवशी मीटिंगच्या खोलीत सतरंज्या घातल्या, पडदा लावला, मुलं बसली, आणि शिडी घेऊन वायरमन आत आला. मागच्या भिंतीवरची ट्यूब फडफडते ही तक्रार मी तीन आठवड्यांपूर्वी केली होती. त्याला आजच सवड झाली. म्हणाला, "दहा मिनिटांचं काम आहे मॅडम, तुमचं चालू द्या."

कार्टून सुरू झालं. दोन वेण्यांच्या एका मुलीने मागे वळून पाहिलं. मग तिच्या शेजारच्याने. पाच मिनिटांत बाराच्या बारा मुलांनी पडद्याकडे पाठ फिरवली. साहेबांचा चेहरा उतरला, मी मनात म्हटलं, आता आपला ससा! ससा आला, दोन्ही कान हलवले, बिचाऱ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. मी मुलांचे पाय बघितले. चोवीसपैकी एकही हलत नव्हता.

"काका, ते टोकाला काळं का झालंय?" वेणीवालीने विचारलं.

वायरमनने दातांतला स्क्रू-ड्रायव्हर काढला. "जळलंय." परत दातांत धरला. मुलांनी सुस्कारा सोडला. तेवढ्यात माझं लक्ष गेलं, शिडी धरून साहेब उभे होते.

नंतर जिन्यात ते मला म्हणाले, "मी लहानपणी घरातलं घड्याळ उघडलं होतं मॅडम. ते परत जोडताच आलं नाही." माझ्याशी ते पहिल्यांदाच आलेख सोडून बोलले. मला नव्या कार्यक्रमासाठी सहा आठवड्यांची मुदत मिळाली: काहीतरी बिघडलेलं आणायचं आणि एका माणसाने ते मुलांसमोर दुरुस्त करायचं. घरी येऊन मी रडले, दादा. आनंदाने नाही. सव्वीस वर्षं मी मुलांना कान हलवून दाखवत होते आणि त्यांना टेबलाखाली काय चाललंय ते बघायचं होतं.

वायरमनलाच घ्यायचं ठरलं. तो कोट घालून, केसांना तेल लावून आला आणि कॅमेरा लागताच "बालमित्रांनो, शिस्त म्हणजे काय?" इथून सुरू झाला. चाळीस मिनिटं बोलला. दुरुस्तीला आणलेली इस्त्री तशीच बंद. पुढच्या चार माणसांनाही तोंड होतं.

असो. वहिनीस नमस्कार. प्रकृतीस जप.

तुझी,
धाकटी

ता. क. दुरुस्तीचं दुकान बंद केल्यापासून चार महिने तू कुणाशी बोलत नाहीस आणि घरातला चांगला चालणारा मिक्सर तीनदा उघडून जोडलास, असं वहिनी म्हणाली. चौथ्यांदा आमच्याकडे येऊन उघडशील का? भाषण नाही. मुलांनी विचारलं तर एका शब्दात उत्तर द्यायचं. त्याहून जास्त तू माझ्याशीही कधी बोलला नाहीस.

दुसरा ता. क. दया येऊन विचारतेय असं मनात आणू नकोस. दया तुला करायची आहे, माझ्यासकट बारा जणांवर. सहातले पाच आठवडे संपले.

तिसरा ता. क. गाडी मंगळवारी सकाळी नऊला येईल. तुझी हत्यारांची पेटी घरात शोधत बसू नकोस. वहिनीने ती कालच इकडे पाठवून दिली.